वाघाची सेवा, लेंडीचा हिशेब

माणसाला प्राण्यांची सेवा करावीशी वाटते ती प्राण्याचं तोंड बघून. वाघाची सेवा करायला रांग लागते. बिबट्यालाही बरी मागणी असते. हरणांच्या वाट्याला निदान शाळेच्या सहली येतात. गिधाडांसाठी वन खात्याला आवाहन करावं लागतं, आणि चितळाच्या लेंड्या मोजायच्या आहेत म्हटलं की ज्याच्या त्याच्या घरी नेमकं त्याच आठवड्यात लग्न निघतं. भोपाळच्या गोविंदपुऱ्यात बसून मी हा सिद्धांत मांडला आहे. त्याला अजून कुठल्या विद्यापीठाची मान्यता नाही, पण अपवादही सापडलेला नाही.

गोविंदपुरा हा तसा जंगलाशी काडीचा संबंध नसलेला भाग. पंडित नेहरूंनी १९६० मध्ये इथला हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना देशाला अर्पण केला आणि नागपूर, जबलपूर, पुण्याकडची मराठी कुटुंबं बरखेडा, पिपलानी, गोविंदपुऱ्याच्या क्वार्टरांत येऊन राहिली. पुढे त्याच कारखान्याला लोक ‘भेल’ म्हणू लागले. टर्बाइन आणि ट्रान्सफॉर्मर करण्यात ज्यांची हयात गेली ती माणसं निवृत्त झाली, की त्यांचं करायचं काय, हा प्रश्न त्यांना पडत नाही, घरच्यांना पडतो. जन्मभर शिफ्ट केलेला माणूस घरी बसला की फ्रिजच्या दाराचं रबर तपासतो, गॅसच्या नळीवरची तारीख मोठ्यांदा वाचतो आणि कुकरच्या शिट्ट्यांमधलं अंतर घड्याळ लावून मोजतो. अशा माणसाला समाजसेवेचा रस्ता दाखवणं ही घरच्यांची निकड असते. त्यातून सेवा जंगलातली असेल तर उत्तमच, कारण तिथे फोन लागत नाही.

आमच्या शेजारच्या फोरमनकाकांना हा रस्ता त्यांच्या परदेशातल्या मुलाने दाखवला. दक्षिण आफ्रिकेतल्या एका अभयारण्यात दोन आठवडे स्वयंसेवक म्हणून राहायचं, प्राण्यांवर देखरेख ठेवायची, संवर्धनाला हातभार लावायचा, अशी ती योजना होती. काका फोन नाकापासून हातभर लांब धरून तिथली कामं वाचून दाखवत होते. काकू मटार सोलत होत्या.

“सिंहांच्या गळ्यातल्या पट्ट्याचा सिग्नल अँटेनाने पकडायचा. त्यासाठी पहाटे पाचला निघायचं.”

“इथे सहाला उठवलं तर दिवसभर तोंड फुगलेलं असतं.”

“बाहेरून आलेली झुडपं मुळासकट उपटायची.”

“मागच्या अंगणात गाजरगवत कमरेला लागलंय.”

“कुंपणाची तार कुठे सैल झाली ते बघायचं.”

“आपल्या फाटकाची कडी दिवाळीपासून लोंबतेय.”

“स्वयंपाकात पाळीपाळीने मदत करायची.”

काकूंनी मटाराचं ताट खाली ठेवलं. “अहो, आणि या सगळ्याचे देतात किती?”

“देत नाहीत. आपण द्यायचे.” काकांनी आकडा सांगितला. विमानाचं तिकीट सोडून तो लाखांत होता.

“त्याच्या अर्ध्या पैशात मी तुम्हाला इथे वर्षभर काम देते,” काकू म्हणाल्या. “स्वयंपाकासकट.”

व्यवहार म्हणून बघितलं तर काकूंचं चूक नव्हतं. पण आफ्रिकेतल्या लोकांचंही चूक नाही. खासगी अभयारण्याला जीपचं डिझेल लागतं, पट्ट्यांच्या बॅटऱ्या लागतात, पहारेकऱ्यांचे पगार लागतात. हौशी पाहुण्याच्या दोन हातांनी फारसं काही होत नाही, त्याच्या फीने होतं. मात्र पाहुण्याला ‘फी भरा आणि घरी बसा’ असं सांगता येत नाही. मग त्याच्या हातात अँटेना देतात. तो ती डोक्यावर धरून गोल फिरतो, कुठूनतरी टिकटिक ऐकू येते, आणि आपल्यावाचून सिंह हरवला असता अशी त्याची खात्री पटते.

तिथेही माझा सिद्धांत लागू पडतो. सिंहाच्या छाव्यांना मांडीवर घेऊन बाटलीने दूध पाजायला देणाऱ्या काही जागांवर स्वयंसेवकांची वर्षानुवर्षं झुंबड उडायची. ‘अनाथ’ छावे इतके येतात कुठून, हे कोणी विचारत नव्हतं. ते पैदाशीच्या पिंजऱ्यांतून यायचे, आणि माणसाला सरावलेले ते सिंह मोठे झाले की कुंपणातल्या शिकारीसाठी विकले जायचे. हा उद्योग गुंडाळायचं धोरण दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने अलीकडे ठरवलं आहे. तोवर कित्येक भल्या माणसांनी पदरचे पैसे खर्च करून शिकाऱ्यांचं गिऱ्हाईक वाढवलं. आपली सेवा कुणाच्या कामी येते हे आधी बघून घ्यावं, ते यासाठी.

काकांचा आफ्रिकेचा बेत मटाराच्या सालांबरोबर गेला. पण त्यांना वाईट वाटून घ्यायचं कारण नव्हतं, कारण आफ्रिका स्वतःच मध्य प्रदेशात येऊन दाखल झाली होती. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते श्योपूर जिल्ह्यातल्या कुनोला उतरले आणि १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं होतं. त्याआधी शेवटचे तीन मारल्याची जी नोंद सांगतात ती कोरिया संस्थानच्या महाराजांच्या नावावर आहे. सत्तर वर्षांनी पाहुणे आले तेव्हा कुनोच्या आसपासच्या गावांत ‘चीता मित्र’ नेमले गेले. त्यांचं काम गावकऱ्यांना समजावण्याचं. हा बिबट्या नव्हे, याला घाबरू नका, दगड मारू नका, दिसला तर कळवा. या मित्रांत चंबळच्या खोऱ्यात एकेकाळी बंदूक घेऊन फिरलेले आणि पुढे शरण आलेले एक वृद्ध गृहस्थही होते. मला ही नेमणूक फार आवडते. जंगलात लपून कसं राहायचं आणि पोटासाठी गावाकडे कधी उतरायचं, हे ज्याला स्वानुभवाने माहीत आहे, त्याच्याहून चित्त्याचा जाणता मित्र कोण मिळणार? त्याला कोणी अँटेना दिली नाही आणि त्याच्याकडून फीही घेतली नाही.

बरं, कुनोही लांब पडत असेल तर भोपाळकराला घरचे वाघ आहेत. केरवा आणि कलियासोत धरणांच्या बाजूला वाघ फिरतात हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये एक वाघ सरळ इथल्या मौलाना आझाद तंत्रविज्ञान संस्थेच्या आवारात शिरला. काही दिवस मुक्काम केला, गुरं मारली, आणि मग पिंजऱ्यात सापडल्यावर त्याला सातपुड्याच्या जंगलात नेऊन सोडलं. अभियांत्रिकीला प्रवेश मिळून आवडलं नाही म्हणून सोडून गेलेला तो काही पहिला नव्हे. त्या दिवसांत आमच्या गोविंदपुऱ्यात, जिथून ती संस्था चांगली लांब आहे, लोक संध्याकाळी फिरायला जाताना हातात काठी घेऊन निघायचे. वाघाशी दोन हात करायला नव्हे. वाघाच्या बातमीत आपलाही थोडा वाटा असावा म्हणून.

या शहरी वाघांचा उगम रातापानीच्या जंगलात आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झालं आणि त्याला नाव मिळालं डॉ. विष्णू वाकणकरांचं. आमच्या मराठी मंडळात त्या आठवड्यात साखर वाटायचीच राहिली होती. वाकणकर मूळचे नीमचचे, कर्मभूमी उज्जैन, घरात मराठी. भोपाळकडे येणाऱ्या आगगाडीच्या खिडकीतून त्यांना डोंगरमाथ्यावरचे खडक दिसले, ते उतरून चालत गेले, आणि १९५७ मध्ये भीमबेटकाची चित्रं जगाला कळली. आपणही त्या मार्गाने आगगाडीने जातो. आपल्याला खिडकीतून फक्त ‘चाय गरम’ दिसतो.

भीमबेटका याच व्याघ्र प्रकल्पाच्या कुशीत आहे, आणि तिथल्या एका प्रस्तराला ‘झू रॉक’ म्हणतात. त्यावर हत्ती, गवे, हरणं, रानडुकरं मिळून अडीचशेच्या आसपास प्राणी रंगवलेले आहेत, सोळा जातींचे. माझ्या मते ही मध्य भारतातली पहिली प्राणीगणना. कामात खाडाखोड नाही, सही-शिक्का नाही, आणि हजारो वर्षांत एकाही लेखापरीक्षकाने आक्षेप काढलेला नाही. स्वयंसेवकांनी स्वतःची चित्रंही मधूनमधून काढली आहेत. म्हणजे प्राण्यांबरोबर आपला फोटो हवा ही हौस तेव्हापासूनची.

आता हल्लीच्या स्वयंसेवकांकडे वळू. वाघांच्या किंवा गिधाडांच्या गणनेच्या आदल्या दिवशी वन चौकीवर जमलेली मंडळी बघितली तर त्यांचे तीन प्रकार चटकन वेगळे काढता येतात.

पहिला प्रकार पोशाखवाल्यांचा. पानाफुलांच्या नक्षीची लष्करी विजार, अकरा खिशांचं जाकीट, कमरेला चाकू, डोक्याला दिवा. हा माणूस झाडीत दिसेनासा व्हावा म्हणून एवढा खर्च करतो आणि चौकीच्या पिवळ्या भिंतीपुढे सगळ्यात आधी तोच दिसतो. शेजारी नाकेदार रबरी स्लिपर घालून उभा असतो. मध्य प्रदेशात बीटगार्डाला लोक नाकेदार म्हणतात. पोशाखवाला त्याला दबक्या आवाजात विचारतो, “इधर मूवमेंट है क्या?” नाकेदार साध्या आवाजात सांगतो, “है ना साहब. अभी चाय आ रही है.”

दुसरा प्रकार कॅमेरेवाल्यांचा. याची लेन्स एवढी मोठी, की तिला जीपमध्ये वेगळी जागा लागते आणि गणनेचं प्रपत्र भरायला हात मोकळा उरत नाही. गिधाडं किती होती विचारलं तर म्हणतो, “प्रकाश चांगला नव्हता.”

तिसरा प्रकार आमच्या मराठी मंडळींचा. हे डबा घेऊन येतात. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची बरणी, थर्मासात चहा आणि घसा बसला तर म्हणून खडीसाखर. काहींच्या पिशवीत मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ असतो आणि पक्षी दिसल्यावर तो काढेपर्यंत पक्षी उडून जातो. मग त्या जागी बसून तो कसा होता यावर चर्चा होते. चर्चेत पक्ष्याचे तीन रंग निघतात आणि चटणीची रेसिपी एक.

फोरमनकाकांचा नंबर लागला तो गिधाडांच्या गणनेत. वाघाच्या गणनेत पायपीट फार, म्हणून तिकडे तरुण आणि धडधाकट माणसं बघतात. गिधाडांना वयाचं वावडं नाही. काका थोडे हिरमुसले होते. मंडळात “वाघ मोजायला चाललोय” म्हटलं की चारजण वळून बघतात, “गिधाडं मोजायला चाललोय” म्हटलं की समोरचा क्षणभर थांबून तब्येतीची चौकशी करतो.

पण तो हिशेब चोख असतो. गणना पहाटे होते, कारण उजाडताना गिधाडं कड्यावर, झाडावर, घरट्यात बसलेली असतात. ऊन तापून हवा वर चढू लागली की तीही वर जातात आणि मग कोण कुठे गेलं याचा पत्ता नाही. म्हणून नियम असा, की फक्त बसलेलं गिधाड मोजायचं, उडणारं नाही. उडणारं पलीकडच्या बीटमध्ये जाऊन बसलं तर तिथे पुन्हा मोजलं जाईल. काकांना हा नियम पहिल्या वाक्यात पटला. कारखान्यात हजेरीपत्रक असंच चालायचं: खुर्चीत दिसला तो हजर, कँटीनकडे निघालेला दिसला तो आपल्या खात्याचा नव्हे.

कड्यासमोर आम्ही बसलो तेव्हा नुसता काळोख होता. मग खडकावरचे पांढरे ओघळ दिसू लागले. वर्षानुवर्षं गिधाडं एका जागी बसली की त्यांच्या शिटांनी कडा असा रंगतो, आणि लांबून तीच खूण शोधायची असते. ओघळाच्या वरच्या टोकाला एक तपकिरी गाठोडं होतं. गाठोड्यातून आधी एक उघडी, सावळी मान निघाली. मग लांब चोच. मग त्या पक्ष्याने एक पंख अर्धा उघडला, त्याच्याकडे नीट बघितलं, मिटला आणि पुन्हा मान आत घेतली. आज उठावं की नाही याचा असा प्रामाणिक विचार मी फार थोड्या प्राण्यांच्या तोंडावर बघितला आहे. काकांनी प्रपत्रावर रेघ ओढली. शेजारच्या कपारीत दुसरं होतं, त्याच्या पोटाखाली करडं पिल्लू. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे पिल्लाची रेघ ओढताना नाकेदाराचाही आवाज मऊ झाला. तेवढ्यात वरून एक प्रचंड गिधाड संथपणे तरंगत गेलं. कॅमेरेवाला ओरडला, “लिहा, लिहा!” काकांनी वर बघितलंदेखील नाही. “गैरहजर,” म्हणाले.

या पद्धतीने निघालेले मध्य प्रदेशाचे आकडे बघण्याजोगे आहेत. २०१९ मध्ये ८,३९७ गिधाडं होती, २०२१ मध्ये ९,४४६, २०२४ मध्ये १०,८४५ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये १२,९८१. राज्यात सात जाती आढळतात, चार इथल्या आणि तीन हिवाळी पाहुण्या. भोपाळजवळ केरव्याला गिधाडांचं पैदास केंद्र आहे. तिथली सहा गिधाडं एप्रिल २०२५ मध्ये हलाली धरणाच्या परिसरात मोकळी सोडली गेली. वाघांत मध्य प्रदेश पहिला आहे, २०२२ च्या अंदाजात ७८५, हे इथला रिक्षावालाही सांगतो. गिधाडांतही हे राज्य देशात आघाडीवर आहे, हे सांगितलं तर रिक्षावाला मीटरकडे बघतो.

सिद्धांताची शेवटची पायरी मला वाघांच्या गणनेत दिसली. दर चार वर्षांनी देशभर ही मोहीम होते. स्वयंसेवक तिच्यात कल्पना करून येतो, की आपण झाडाआड उभे असू, वाघ येईल, आपण ‘एक’ म्हणू. प्रत्यक्षात बीटमध्ये आधी तीन दिवस पायवाटा तुडवायच्या असतात, एकेका दिवशी निदान पाच किलोमीटर. वाघाचे पंजे, विष्ठा, झाडावरचे ओरबाडे जे दिसेल ते मोबाइलमधल्या ‘एम-स्ट्राइप्स’ या ॲपवर टाकायचं. मग पहाटे दोन किलोमीटरच्या सरळ रेषेवर चालून चितळ, सांबर, नीलगायी मोजायच्या. रेषा सरळ असते, जमीन नसते. नकाशावर बोटभर दिसणारी ती रेषा आधी करवंदीच्या जाळीतून, मग नाल्यात आणि मग समोरच्या टेकडीच्या अंगावरून जाते. पोशाखवाल्याच्या अकरा खिशांपैकी सहा तिथे जाळीला लटकून राहिले.

आणि परतताना, दर चारशे मीटरवर, थांबायचं. झाडं किती, झुडपं किती, ते लिहायचं. मग दोन मीटर रुंद आणि वीस मीटर लांब पट्टा आखायचा, उकिडवं बसायचं आणि त्यातल्या लेंड्या मोजायच्या. जातवार.

इथे माणसाच्या सेवाभावाची कसोटी लागते. आमच्या तुकडीत दोघांना त्याच क्षणी महत्त्वाचे फोन आले, तेही नेटवर्क नसताना. उरलेल्यांना नाकेदाराने जमिनीवर बसवून शिकवलं. चितळाची लेंडी एका टोकाला निमुळती, दुसऱ्या टोकाला खोलगट. सांबराची तशीच, पण मोठी. सशाची गोल आणि चपटी, दाबली तर नुसतं गवत. नीलगाय पुन्हापुन्हा एकाच जागी येते म्हणून तिथे ढीग दिसतो. चौशिंग्यालाही तीच सवय, पण लेंडी बारीक. हे सांगताना तो एकेक लेंडी दोन बोटांत धरून उजेडाकडे फिरवत होता. पोशाखवाल्याने काडीने एक ढीग आपल्याकडे ओढायला सुरुवात केली तेव्हा तो पहिल्यांदा दरडावून बोलला. “साहब, हिलाना नहीं. गिनती बिगड़ जाएगी.”

कुणीतरी विचारलंच, की मोजायचे वाघ आणि आपण शोधतोय लेंड्या, हे काय? नाकेदार म्हणाला, “जहाँ ये नहीं, वहाँ शेर क्या खाएगा? हमको?” जंगलात वाघ किती राहू शकतील हे त्याच्या खाद्यावर ठरतं, आणि खाद्य किती आहे हे असं जमिनीवर लिहिलेलं असतं. एकेकाळी नुसत्या पंजाच्या ठशांवरून वाघ मोजत. काचेवर ठसा गिरवायचा, कागदावर उतरवायचा, साहेबाकडे द्यायचा. त्या हिशेबाने राजस्थानात सारिस्काला वाघ होते. २००५ च्या सुमारास खरोखर शोध घेतला तेव्हा एकही नव्हता. २००९ मध्ये आमच्या पन्नाचीही तीच गत झाली, आणि तिथे बाहेरून वाघ आणून नव्याने सुरुवात करावी लागली. कागदावरचा वाघ कधी मरत नाही. तो दरवर्षी वाढतो आणि कुणाची गायही मारत नाही.

म्हणून आता ठशांच्या जोडीला कॅमेरे आले. २०१८-१९ च्या मोहिमेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यांनी ३,४८,५८,६२३ फोटो काढले आणि गिनीजच्या पुस्तकात नाव गेलं. त्यांत वाघाचे फोटो होते ७६,६५१ आणि बिबट्याचे ५१,७७७. म्हणजे साधारण चारशे पंचावन्न फोटोंत एक वाघाचा. बाकीच्या फोटोंत बाकीचं जंगल होतं. ते कुणाच्या दिवाणखान्यात लागणार नाही, पण वाघ त्याच्याच जिवावर उभा आहे. आणि या फोटोंच्या छाननीला कुणीतरी बसलंच. त्या माणसाच्या सेवेची जाहिरात आली तर किती अर्ज येतील याचा अंदाज तुम्हीच करा.

खरं सांगायचं तर या साऱ्या खटाटोपात स्वयंसेवक नसला तरी गणना होते. ती नाकेदार करतो, आपण गेल्यावर पुन्हा रोज तेच रान तुडवतो, वणव्याच्या दिवसांत फांदीने आग झोडपतो, लाकूडचोरांशी भांडतो आणि चौकीत परतून खिचडी टाकतो. आपण त्याच्या कामात एक पाणी पिणारं, दमणारं आणि प्रश्न विचारणारं माणूस वाढवतो. महाराष्ट्रात बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर मचाणावर बसायचा जो कार्यक्रम असतो, त्याला आता खुद्द वन खात्यानेच ‘निसर्गानुभव’ म्हणायला सुरुवात केली, यात मोठा प्रामाणिकपणा आहे. चांदण्यात अस्वल बघणं हा अनुभव झाला. ती अस्वलाची सेवा नव्हे.

मग स्वयंसेवकाचा उपयोग काय? माझ्या मते तो जंगलातून परत आल्यावर सुरू होतो, आणि हे मी फोरमनकाकांकडे बघून म्हणतो. गिधाडं का संपली हे त्यांना चौकीवर सांगितलं होतं. गुरांना वेदनेसाठी डायक्लोफिनॅक टोचायचे, ते जनावर मेलं की गिधाड ते खायचं आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरायचं. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत हजारी एखादंच शिल्लक राहिलं. जनावरांसाठी हे औषध २००६ मध्ये बंद झालं. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांकडे वळत होत्या म्हणून २०१५ मध्ये बाटली तीन मिलिलिटरवर आणली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही जनावरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना चालतं.

काकांनी हे सगळं कारखान्यातल्या सवयीने वहीत उतरवून घेतलं. परतल्यावर ते रायसेन रोडकडच्या गोठ्यांत जाऊ लागले. तिथे गोठेवाल्याला औषधाची बाटली दाखवायला लावतात, चष्मा वर करून नाव वाचतात, तारीखही वाचतात. गॅसच्या नळीमुळे सराव होताच. गोठेवाले आधी त्यांना खात्याचे इन्स्पेक्टर समजले आणि त्यांनी दूध पुढे केलं. आता ते काकांना लांबून येताना बघून बाटली बाहेर काढून ठेवतात. काकूंना घरात शांतता मिळाली आहे, आणि फाटकाची कडी अजून लोंबते आहे.

तेव्हा वाघ बघायचा असेल तर सरळ सफारीचं तिकीट काढा, त्यात काही कमीपणा नाही. आफ्रिका बघायची असेल तर तीही बघा, फक्त छावा मांडीवर देत असतील तर उठून या. पण सेवाच करायची असेल तर पुढच्या गणनेला नाव नोंदवा, लेंड्यांच्या पट्ट्यापाशी फोन बंद ठेवा, आणि घरी आल्यावर जवळच्या गोठ्यात जाऊन एवढंच विचारा, की गाय आजारी पडली तर इंजेक्शन कुठलं देता?